नॉम पेन्ह : दोन दिवसांचा मुक्काम आणि क्षमेचा प्रश्न

समाजातील तरुण पिढी आता पाठीवर एक पिशवी घेऊन जग पाहू लागली आहे. शिक्षण संपल्यावर नोकरी लागेपर्यंतचा महिना-दीड महिना किंवा दिवाळीच्या सुट्टीला जोडून घेतलेली रजा, एवढ्या अवधीत व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओस पाहून येणारी मुले-मुली आता जवळजवळ प्रत्येक गावात आढळतात. या मार्गावर कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह हा बहुतेकांच्या लेखी केवळ वाटेवरचा थांबा असतो. व्हिएतनाममधील हो ची मिन्ह शहरातून बसने निघाले की सीमेवरील सोपस्कार उरकून सहा-सात तासांत नॉम पेन्ह येते. पुढे अंगकोरची मंदिरे पाहण्यासाठी सिएम रीपला जायचे असते. मधल्या एक-दोन रात्री स्वस्त वसतिगृहात काढायच्या, राजवाडा पाहायचा, नदीकाठी फिरायचे आणि निघायचे, असा साधारण बेत असतो.

परंतु हे शहर एवढ्यावर कोणाला जाऊ देत नाही. दोन दिवसांच्या मुक्कामात ते प्रवाशापुढे असे प्रश्न ठेवते की, अहिंसा आणि क्षमा हे शब्द लहानपणापासून ऐकत आलेल्या जैन तरुणाला त्यांचा अर्थ नव्याने तपासून पाहावा लागतो.

चतुर्मुख नगर

नॉम पेन्ह वसले आहे ते नद्यांच्या चौकात. उत्तरेकडून येणारी मेकाँग आणि वायव्येकडून येणारी तोनले साप येथे मिळतात आणि लगेच मेकाँगचा खालचा प्रवाह व बासाक अशा दोन वाटांनी पुढे जातात. चार दिशांना चार प्रवाह, म्हणून या संगमाचे ख्मेर नाव ‘चक्तोमुक’. हा आपल्या ‘चतुर्मुख’ शब्दाचाच अवतार आहे. राणकपूरची चौमुखी आदिनाथ प्रतिमा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नाव ऐकताच ओळखीचे वाटेल. ख्मेर भाषेत असे शब्द पावलोपावली भेटतात. मित्राला ‘मित’, शांततेला ‘सांतेफेआप’ म्हणजे शांतिभाव. आभार मानण्यासाठी जो ‘अरकुन’ शब्द वापरतात, त्याच्या शेवटी आपला ‘गुण’ शब्द दडलेला आहे.

तोनले साप नदीचे एक नवल आहे. पावसाळ्यात मेकाँगला पूर आला की तिचे पाणी या नदीत शिरते आणि नदी उलटी वाहू लागते. जूनपासून साधारण ऑक्टोबरपर्यंत ती समुद्राकडे न जाता वरच्या अंगाच्या विशाल सरोवराकडे धावते आणि सरोवर कित्येक पटींनी फुगते. पूर ओसरला की प्रवाह पुन्हा दिशा बदलतो. या पालटाचा जल-उत्सव नॉम पेन्हच्या घाटावर होड्यांच्या शर्यतींनी साजरा होतो. त्याची तिथी असते कार्तिक पौर्णिमेची. आपल्याकडे याच पौर्णिमेला चातुर्मासाची स्थिरता संपवून साधू-साध्वी पुन्हा विहाराला निघतात आणि शत्रुंजयाची यात्रा खुली होते. तेथील बौद्ध भिक्षूंचाही वर्षावास असतो. तो तीन महिन्यांचा असून आश्विन पौर्णिमेला संपतो. पावसाळ्यात एका जागी थांबण्याची ही रीत दोन्ही श्रमण परंपरांनी जपली आहे.

शहराच्या नावामागे एक आख्यायिका आहे. १३७२ साली पेन्ह नावाच्या एका श्रीमंत विधवेला नदीतून वाहत आलेल्या झाडाच्या खोडात बुद्धमूर्ती सापडल्या. तिने घराजवळ मातीची टेकडी रचून त्यांच्यासाठी मंदिर बांधले. ‘फ्नॉम’ म्हणजे टेकडी. पेन्हची टेकडी ती नॉम पेन्ह. वाट फ्नॉम हे टेकडीवरचे देवस्थान आजही गजबजलेले असते. पंधराव्या शतकात पोन्हेआ यात राजाने अंगकोर सोडून येथे राजधानी आणली. पुढे ती अनेकदा हलली आणि १८६६ साली नोरोदोम राजाच्या काळात पुन्हा येथे स्थिरावली. आजचा राजवाडा, त्याच्या आवारातील चांदीच्या फरश्यांचे मंदिर, १९२० मध्ये खुले झालेले लाल विटांचे राष्ट्रीय संग्रहालय आणि १९३७ मध्ये बांधलेली पिवळ्या घुमटाची मध्यवर्ती मंडई, ही सारी स्थळे एका दिवसात पायी पाहून होतात. पाय थकले तर रिक्षा असतेच. तिच्यावर बजाजचे नाव वाचून मराठी प्रवाशाला गंमत वाटते, कारण या भारतीय बनावटीच्या तीनचाकी नॉम पेन्हच्या रस्त्यांवर सर्रास धावतात.

ताटातील प्रश्न

जैन प्रवाशाची पहिली कसोटी ताटातच लागते. ख्मेर स्वयंपाकात मासा केवळ तुकड्यांच्या रूपाने नसतो. ‘प्रहोक’ नावाचा मासे आंबवून केलेला लगदा आणि ‘तुक त्रेई’ नावाचे माशांचे पाणी यांची चव साध्या भाजीत आणि कढणातही असते. त्यामुळे “मांस नको” एवढे सांगून भागत नाही. विक्रेता मनापासून “नाही” म्हणतो, वरचे मांस काढतो आणि तीच भाजी पुढे ठेवतो. त्याची फसवणूक करण्याची इच्छा नसते. त्याच्या कल्पनेत ती भाजीच असते.

येथे एक शब्द उपयोगी पडतो, तो म्हणजे ‘बुअस’. शुद्ध शाकाहारी जेवणाला ख्मेर भाषेत ‘म्होप बुअस’ म्हणतात आणि अशी पाटी लावलेली छोटी भोजनगृहे शहरात आहेत. ‘बुअस’ या क्रियापदाचा मूळ अर्थ दीक्षा घेणे असा आहे. म्हणजे शाकाहार हा त्या भाषेने दीक्षिताचा आहार मानला आहे. प्रत्यक्षात तेथील बहुतेक भिक्षू भिक्षेत मिळेल ते ग्रहण करतात आणि त्यात सामिष अन्नही असते. मात्र चांद्रमासातील अष्टमी, पौर्णिमा आणि अमावास्या या ‘थंगाई सेल’ म्हणजे शीलाच्या दिवशी श्रद्धाळू लोक विहारात जाऊन व्रते घेतात. पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला हा दिवस समजावून सांगावा लागत नाही.

कंदमुळे, कांदा-लसूण न खाणाऱ्यांना ‘बुअस’ भोजनगृहातही चौकशी करावी लागते. नदीकाठच्या भागात भारतीय उपाहारगृहे आहेत. तेथे आधी सांगितल्यास वेगळे करून मिळण्याची शक्यता अधिक. पांढरा भात सर्वत्र मिळतो. शहाळे, केळी, आंबा, रामफळासारखी किंवा मँगोस्टीन, रांबुतान अशी फळे मुबलक असतात. पिशवीत खाखरा, मेतकूट आणि भडंग असले की दोन दिवस सहज निघतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे शहर विषुववृत्ताजवळ असल्याने वर्षभर सूर्य साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यानच मावळतो. दुपारची बस संध्याकाळी पोहोचते, तेव्हा जेवणाची वेळ प्रवासातच साधावी लागते.

रिकामे केलेले शहर

दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक प्रवासी तुओल स्लेंगला जातात. त्याआधी थोडा इतिहास माहीत असणे आवश्यक आहे, कारण तो आपल्या शाळांत फारसा शिकवला जात नाही.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या संघटनेच्या सैन्याने नॉम पेन्ह जिंकले. अनेक वर्षांचे यादवी युद्ध संपले म्हणून लोक रस्त्यावर येऊन आनंद करू लागले होते. त्याच दिवशी सर्वांना शहर सोडण्याचा हुकूम झाला. युद्धामुळे आश्रयाला आलेल्यांसह सुमारे वीस लाखांची वस्ती होती. रुग्णालयांतील आजारी माणसांनाही खाटांवरून उठवून चालायला लावले. काही दिवसांत राजधानी ओस पडली. नव्या सत्तेने चलन रद्द केले, बाजार, शाळा आणि टपाल बंद केले, विहार ओस पाडले, भिक्षूंना चीवर उतरवायला लावले. सारा देश शेतावरच्या श्रमछावण्यांत कोंडला गेला. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्य शहरात शिरले तेव्हा ही राजवट संपली. तीन वर्षे, आठ महिने आणि वीस दिवसांत उपासमार, रोग, अतिश्रम आणि हत्या यांनी पंधरा ते वीस लाख माणसे गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा ऐंशी लाखांच्या आत होती. म्हणजे दर चार-पाच माणसांत एक.

तुओल स्लेंग ही मुळात शाळा. चार इमारती, मधोमध अंगण, व्यायामाचे खांब. याच शाळेचा ‘एस-२१’ नावाचा गुप्त तुरुंग करण्यात आला. वर्गांत विटांच्या भिंती घालून अंथरुणाएवढ्या कोठड्या केल्या गेल्या. आणलेल्या प्रत्येक माणसाचे छायाचित्र काढले जाई, कबुलीजबाब लिहून घेतला जाई, नोंद ठेवली जाई. न्यायालयाने पुढे येथील बळींची किमान संख्या १२,२७२ अशी ठरवली. अभ्यासकांचे काही अंदाज अठरा हजारांपर्यंत जातात. जिवंत बाहेर पडलेल्यांची संख्या बोटांवर मोजण्याएवढी. त्यांपैकी वान नाथ हे चित्रकार होते. नेत्यांची चित्रे काढता येतात म्हणून त्यांना जिवंत ठेवले गेले. सुटकेनंतर त्यांनी तेथे काय घडले ते रंगवले. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले, चित्रे मात्र त्याच इमारतीत आहेत.

१९८० पासून ही जागा संग्रहालय आहे. खोल्यांमधून छायाचित्रांच्या ओळी आहेत. मुले, वृद्ध, तान्ह्या बाळाला घेतलेली आई. पाहणाऱ्याला सर्वांत अस्वस्थ करणारी एक माहिती तेथे मिळते. या तुरुंगात आणलेल्यांपैकी बरेचसे ख्मेर रूजचेच कार्यकर्ते होते. संशयाचे चक्र सुरू झाल्यावर कालचा पहारेकरी आज कैदी झाला. आपलेच मत पूर्ण सत्य आणि बाकी सारे शत्रू, अशा एकांतवादाचा शेवट कोठे होतो, हे येथील भिंतींवर दिसते. अनेकांताचा सिद्धांत पाठशाळेत शिकताना हत्ती आणि सात आंधळ्यांची गोष्ट सांगतात. तुओल स्लेंगमध्ये कळते की, त्या सिद्धांताचा अभाव हा माणसांच्या जिवावर बेतणारा दोष आहे.

शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर चोएंग एक आहे. पूर्वी ही फळबाग होती. एस-२१ मधील कैद्यांना रात्री येथे आणून मारले जाई. १९८० मध्ये येथील पुरलेल्या ८,९८५ जणांचे अवशेष बाहेर काढण्यात आले. त्यांच्यासाठी उंच स्तूप बांधलेला आहे आणि त्याच्या काचेआड कवट्या रचलेल्या आहेत. काही खड्डे जसेच्या तसे राखले आहेत. जोराचा पाऊस झाला की आजही मातीतून कापडाचे तुकडे आणि हाडे वर येतात. येथे कोणी मोठ्याने बोलत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने तुओल स्लेंग, चोएंग एक आणि एम-१३ ही तिसरी जागा यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, तो दडपशाहीच्या जागा शांती आणि चिंतनाच्या जागा झाल्या म्हणून.

घरातील लहान मुले बरोबर असतील तर येथे न्यावे की नाही, याचा विचार आईवडिलांनी आधी करावा. तरुणांनी मात्र टाळू नये. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे असावेत. स्तूपापुढे स्वतःचे हसरे छायाचित्र काढणारे प्रवासी आढळतात. कोणाच्या तरी आईवडिलांच्या अस्थींपुढे आपण उभे आहोत, एवढे भान त्या क्षणी सुटलेले असते.

अनर्थदंड

नॉम पेन्हमध्ये परदेशी प्रवाशाला अनेकदा एक विचित्र प्रस्ताव ऐकावा लागतो. चोएंग एकला नेणारा चालकच विचारतो की, परतताना बंदूक चालवायची आहे का? शहराबाहेर अशी मैदाने आहेत, जेथे पैसे मोजून रायफलच्या गोळ्या झाडता येतात. सकाळी हत्येच्या मैदानावर डोळे पुसायचे आणि दुपारी शस्त्राची मौज घ्यायची, हा दिनक्रम काही प्रवासी आजवर पार पाडत आले आहेत.

चालकाला दोष देऊन उपयोग नाही. मागणी असते म्हणून तो विचारतो आणि त्यावर त्याच्या घरची चूल पेटते. प्रश्न प्रवाशाचा आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती हे व्रत आहे. उपजीविका, संसार, संरक्षण यांसाठी जी हिंसा टळत नाही तिची मर्यादा वेगळी; पण ज्यात कोणतेही प्रयोजन नाही, केवळ करमणूक आहे, अशा दोषापासून दूर राहण्याचे हे व्रत. शास्त्रकारांनी त्यात हिंसेची साधने देण्या-घेण्याचाही समावेश केला आहे. लक्ष्य पुठ्ठ्याचे असले तरी त्या देशात रायफलचा आवाज ऐकून आजही दचकणारी माणसे जिवंत आहेत. “नको” हा एक शब्द येथे व्रताचे पालन ठरतो.

दुसरा प्रस्ताव याहून अवघड, कारण तो दयेच्या रूपात येतो. वाट फ्नॉमच्या पायथ्याशी आणि राजवाड्यासमोरच्या नदीकाठी छोट्या पक्ष्यांनी भरलेले पिंजरे घेऊन विक्रेते उभे असतात. थोडे पैसे दिले की पक्षी हातात मिळतो. तो आकाशात सोडायचा आणि पुण्य मिळवायचे, अशी तेथील रूढी. जीवदयेचे संस्कार असलेल्या जैन प्रवाशाचा हात खिशाकडे वळणे अगदी स्वाभाविक आहे. पिंजऱ्यात तडफडणारा जीव समोर असताना पाठ कशी फिरवावी?

पण क्षणभर थांबून साखळी पाहावी. हे पक्षी विकले जातात म्हणूनच जाळी लावून पकडले जातात. पकडताना आणि पिंजऱ्यात दाटीवाटीने ठेवताना त्यांतील कित्येक मरतात. सुटलेला पक्षी थकलेला असतो आणि पुन्हा सापडतो. एक पक्षी सोडवण्यासाठी दिलेले पैसे दुसऱ्या दिवशीच्या जाळ्याचे भांडवल होतात. कृत, कारित आणि अनुमोदित असे हिंसेचे तीन मार्ग जैन शास्त्राने सांगितले आहेत. स्वतः न करता दुसऱ्याकडून घडवणे हाही त्यांतील एक. करुणेची भावना खरी असली तरी येथे तिच्यातून ‘कारित’ हिंसा घडते. दिल्लीत लाल मंदिराच्या आवारात जैन समाजाने चालवलेले पक्ष्यांचे रुग्णालय आहे. तेथे जखमी पक्षी आणले जातात, बरे होतात आणि मोकळे केले जातात. त्यात विक्री नाही, म्हणून नवे जाळेही नाही. दया आणि व्यापार यांतील हा भेद ज्याने ओळखला, त्याला वाट फ्नॉमच्या पायथ्याशी पाऊल पुढे टाकताना दुःख होईल, पण संभ्रम राहणार नाही.

क्षमा कोणी कोणाला करावी?

तुओल स्लेंग पाहिलेल्या प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न उरतो. हे करणाऱ्यांचे पुढे काय झाले आणि या लोकांनी त्यांना क्षमा केली का?

एस-२१ चा प्रमुख काइंग गुएक एआव, ज्याला ‘दुच’ म्हणत, हा पूर्वी गणिताचा शिक्षक होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने नॉम पेन्हमध्ये स्थापन झालेल्या विशेष न्यायालयात २००९ मध्ये त्याच्यावर खटला चालला. त्याने आपली जबाबदारी कबूल केली आणि बळींच्या नातेवाइकांची क्षमा मागितली. परंतु सुनावणीच्या शेवटी त्यानेच आपल्याला मुक्त करावे अशी विनंती केली. क्षमायाचनेवर विश्वास ठेवू पाहणाऱ्या अनेकांचा त्या क्षणी विरस झाला. २०१० मध्ये त्याला शिक्षा झाली, २०१२ मध्ये अपिलात ती जन्मठेपेची झाली आणि २०२० मध्ये तो मरण पावला. वरिष्ठ नेत्यांपैकी नुओन चेआ आणि खिउ साम्फान यांनाही जन्मठेप झाली. सर्वोच्च नेता पोल पोट मात्र १९९८ मध्येच, न्यायालय उभे राहण्याआधी मेला.

न्यायालयापर्यंत पोहोचले ते मोजके. हजारो साधे पहारेकरी आणि सैनिक आपापल्या गावी परतले आणि ज्यांचे आप्त मारले गेले त्यांच्याच शेजारी राहू लागले. एकाच विहिरीवर दोघांना पाणी भरायचे होते. या समाजासाठी क्षमा हा प्रवचनाचा विषय उरला नव्हता. उद्या सकाळी कसे जगायचे याचाच तो प्रश्न होता.

या प्रश्नाला एका भिक्षूने आपल्या पायांनी उत्तर दिले. त्यांचे नाव महाघोषानंद. तरुणपणी ते भारतात नालंदा येथे शिकले. ख्मेर रूजच्या काळात ते देशाबाहेर होते म्हणून वाचले. त्यांचे कुटुंब मात्र नष्ट झाले. १९७९ च्या सुमारास ते थायलंडच्या सीमेवरील निर्वासितांच्या छावण्यांत गेले. तेथे बळी होते आणि ख्मेर रूजची माणसेही होती. त्यांनी दोघांमध्ये भेद केला नाही. मैत्रीभावनेच्या सूत्राची छोटी पत्रके वाटली आणि ते म्हणू लागले. कित्येक वर्षांनी धर्माचा स्वर कानी पडलेली माणसे रडू लागली.

१९९२ मध्ये, युद्ध पुरते थांबलेले नसताना, त्यांनी सीमेवरून नॉम पेन्हपर्यंत पदयात्रा काढली. तिला ‘धम्मयात्रा’ म्हणतात. सुरुंग पेरलेल्या प्रदेशातून सुमारे महिनाभर चालत, निर्वासितांना त्यांच्या मायभूमीत परत आणत ही यात्रा राजधानीत आली. वाटेत गावकरी पाण्याची भांडी घेऊन उभे राहत आणि भिक्षू त्यांच्यावर शांतिजल शिंपडत. पुढे ती दरवर्षी निघू लागली. १९९४ च्या यात्रेत गोळीबारात सापडून एक भिक्षू आणि एक व्रतस्थ स्त्री मृत्युमुखी पडली, तरी यात्रा थांबली नाही. २००७ मध्ये महाघोषानंद निवर्तले.

या पदयात्रेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. महाघोषानंदांनी ज्यांच्याकडून शांतिकार्याचे धडे घेतले, ते जपानी भिक्षू निचिदात्सू फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींना येऊन भेटले होते. त्या भेटीचा त्यांच्या जीवनावर खोल परिणाम झाला. आणि गांधीजींनी आपल्या आयुष्यावर ज्यांचा विशेष प्रभाव सांगितला, त्यांत श्रीमद् राजचंद्र हे जैन तत्त्वचिंतक होते. कंबोडियाच्या वाटेवर चालणाऱ्या भिक्षूच्या पावलांत या परंपरेचाही थोडा वाटा होता, असे म्हणणे वावगे होणार नाही. जैन साधूंचा विहार ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना पायी चालण्यातील सामर्थ्य वेगळे सांगायला नको.

महाघोषानंदांची क्षमा म्हणजे विस्मरण नव्हते. कंबोडियाने तुरुंग पाडला नाही, कवट्या मातीआड केल्या नाहीत. सर्व जगासमोर त्या ठेवल्या. येथे जैन परंपरेतील क्रम आठवतो. प्रायश्चित्ताच्या प्रकारांत पहिले स्थान आलोचनेला आहे, म्हणजे आपला दोष न लपवता, न घटवता गुरूंसमोर मांडणे. प्रतिक्रमण त्यानंतर येते. दोषाचे नाव न घेता मागितलेली क्षमा ही क्षमा नसतेच. दुच शेवटी अडखळला तो याच पायरीवर. त्याने दोष मांडला, पण त्याचे फळ नाकारू पाहिले.

दशलक्षण पर्वानंतरच्या क्षमावाणीला किंवा संवत्सरीच्या दिवशी आपण सर्वांना क्षमा मागतो. आता तर एकच संदेश शेकडो जणांना एका स्पर्शात जातो. ज्याला खरोखर दुखावले, त्या भावाचे, सुनेचे किंवा जुन्या भागीदाराचे नाव त्या यादीत असते, पण त्याच्या दारात जाऊन “त्या दिवशी मी हे चुकलो” असे म्हणण्याचे धैर्य क्वचितच होते. ज्या देशात लेकराला मारणारा आणि लेकरू गमावलेली आई एका गावात राहतात, त्या देशातून परतलेल्या तरुणाला हे धैर्य थोडे सोपे वाटावे.

जाणाऱ्यांसाठी थोडे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हवा सुसह्य असण्याचा काळ. व्यवहारात अमेरिकी डॉलर आणि स्थानिक रिएल दोन्ही चालतात. एका डॉलरला सुमारे चार हजार रिएल असा सर्वसाधारण हिशेब असतो आणि डॉलरखालची सुटी रक्कम रिएलमध्येच परत मिळते. फाटकी किंवा डाग पडलेली डॉलरची नोट कोणी घेत नाही. २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर सशस्त्र संघर्ष पेटला आणि जमिनीवरील मार्ग बंद झाले. त्यामुळे त्या बाजूने जाण्याचा बेत असल्यास निघण्यापूर्वी ताजी स्थिती अवश्य पाहावी. शांती ही एकदा मिळवून कायमची ठेवता येणारी वस्तू नाही, हेही त्या बातमीने दाखवून दिले.

वेळ कमी असेल तर राजवाडा घाईत पाहावा, तुओल स्लेंग मात्र घाईत पाहू नये. त्यानंतर लगेच बाजारात जाऊ नये. जवळच्या एखाद्या विहारात, झाडाखाली, अठ्ठेचाळीस मिनिटे बसावे. सामायिकासाठी तेथे कोणी अडवत नाही. शीलाचा दिवस असेल तर शेजारी पांढऱ्या वस्त्रांतील म्हाताऱ्या स्त्रिया हात जोडून बसलेल्या दिसतील. त्यांचे वय सत्तरीच्या पुढचे असेल तर १९७५ मध्ये त्या तरुण होत्या, एवढे मनात ठेवून त्यांना नमस्कार करावा. त्या हसून तो परत करतात.